दाढीवाल्याचा वस्तरा

माझ्या कपाटात एक वस्तरा आहे आणि मला दाढी आहे. या दोन गोष्टी एकत्र कळल्या की लोक हसतात. "सर, दाढी ठेवलीय तर वस्तरा कशाला?" असं आमच्या स्टाफरूममध्ये मला निदान पाच जणांनी विचारलं असेल. त्यातले दोघे मुसलमान होते.

दाढी नुसती सोडून दिली की होत नाही. गालावरचे वरचे केस काढावे लागतात, गळ्याखालचे काढावे लागतात, मिशा बारीक कराव्या लागतात आणि कानापासून खाली एक रेघ धरावी लागते. या रेघेला आमच्याकडे 'खत' म्हणतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हा शब्द माझ्या लाडका. मराठी पोराला खत म्हटलं की शेणखत आणि युरिया आठवतो. उर्दूत खत म्हणजे पत्र, खत म्हणजे हस्ताक्षर आणि खत म्हणजे रेघसुद्धा. सुंदर अक्षराला खुशखत म्हणतात, आणि जुम्याच्या दिवशी सकाळी लोक न्हाव्याकडे जाऊन 'खत बनवून' घेतात.

माझे अब्बा हे खत आयुष्यभर दर शुक्रवारी बनवून घेत आले. लकवा झाल्यावर त्यांना दुकानापर्यंत जाणं जमेना, तेव्हा चाचा घरी यायला लागले. चाचा म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले हज्जाम. वय सत्तरीच्या घरात, अंगावर पांढरा कुर्ता, हातात धोकटीऐवजी प्लास्टिकची पिशवी. शुक्रवारी नऊच्या सुमाराला ते यायचे, अब्बांना खुर्चीत नीट बसवायचे, आणि अर्धा तास दोघांचं बोलणं चालायचं. अब्बांची जीभ जड झाली होती. घरात आम्हाला त्यांचं अर्धं बोलणं कळायचं नाही, चाचांना सगळं कळायचं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि चाचांचं येणं बंद झालं. पहिले दोन शुक्रवार अब्बा काही बोलले नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी आरसा मागितला, पाहिला आणि पालथा ठेवला. मिशांचे केस ओठांवर यायला लागले होते, जेवताना वरण त्यात अडकायचं. मी बाजारातला साधा रेझर घेऊन बसलो. म्हाताऱ्या माणसाच्या गालाची कातडी सैल असते, ती रेझरच्या डोक्याखाली गोळा होते, आणि रेघ नेमकी त्या डोक्याखाली झाकली जाते. एका बाजूला रेघ वर गेली, दुसऱ्या बाजूला रक्त आलं. अब्बांनी चांगल्या हाताने माझा हात बाजूला केला. रमजान दोन आठवड्यांवर होता.

मी चाचांना फोन केला. ते म्हणाले, "मी येऊ शकत नाही मास्तर. पोलीस आहेत, आणि तुमच्या अब्बांना काही झालं तर? तुम्हीच शिका." मी म्हटलं, "कोणावर शिकू?" ते म्हणाले, "स्वतःवर. ज्याने स्वतःचा गाल कापून घेतला नाही, त्याने दुसऱ्याच्या गळ्याला हात लावायचा नाही."

वस्तरा घरातच होता. माझ्या दादांची एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात जुने दस्तऐवज, एक चष्मा आणि कापडात गुंडाळलेला वस्तरा. दादा हज्जाम नव्हते. त्या काळात पुष्कळ घरांत वस्तरा असायचा. काळ्या मुठीचा, पात्यावर पुसट झालेली जर्मनीतल्या सोलिंगेन गावाची खूण. कडेला गंज चढला होता. चाचांच्या सांगण्यावरून मी तो रुमालात बांधून त्यांच्या ओट्यावर ठेवला आणि मागे सरकलो. त्यांनी उचलला, उघडला, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहिला आणि म्हणाले, "आठ दिवस द्या."

मला वाटलं होतं धार लावायला दहा मिनिटं लागतात. चाचा आधी खडबडीत दगडावर आणि मग गुळगुळीत सिल्लीवर रोज थोडं थोडं घासत राहिले. सिल्लीवर पाणी टाकून पातं पूर्ण आडवं ठेवायचं आणि धार पुढे ठेवून ओढायचं. चामड्याच्या पट्ट्यावर याच्या उलट: पात्याची पाठ पुढे, धार मागे. दगड धार घडवतो, पट्टा ती साफ करतो. टोकाला पोचल्यावर पातं उलटवायचं ते पाठीवर लोळवून. धारेवरून उलटवलं की पट्टा चिरतो आणि धारही जाते. हे त्यांनी मला गल्लीच्या पलीकडून, मधे सहा फूट अंतर ठेवून, हवेत हात फिरवून दाखवलं. त्यांनी स्वतः असा वस्तरा पंचवीस वर्षांत गिऱ्हाइकाला लावलेला नव्हता. नव्वदच्या दशकात एड्सची भीती आली, 'नवीन ब्लेडचा आग्रह धरा' अशा पाट्या दुकानांत लागल्या, आणि हज्जामांनी अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा हातात घेतला. गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदललं. सिल्ली आणि पट्टा पेटीत गेले. चाचांची सिल्ली मधोमध झिजून खोल झाली होती. त्यांच्या वडिलांची होती ती.

वस्तरा परत आल्यावर मला वाटलं आता सुरू करायचं. चाचा म्हणाले, आधी फुगा. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस काढायचा. फुगा फुटला नाही तर पुढे. माझ्या मुलीला लॉकडाऊनमध्ये यापेक्षा मोठी करमणूक मिळाली नाही. पहिल्या दिवशी चार फुटले. पाचवा वाचला, तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या.

कोन समजला तो मात्र फुग्यामुळे नाही, तख्तीमुळे. आम्ही लहानपणी बोरूने तख्तीवर अलिफ-बे गिरवलं. बोरूचं टोक चाकूने तिरपं छाटायचं, त्याला 'कत लावणं' म्हणतात. तो तिरपा कत कागदावर एकाच कोनात धरून फिरवला तर अक्षर देखणं येतं. मनगट वळलं की बिघडलं. वस्तराही तसाच. पातं कातडीपासून साधारण तीस अंश उचललेलं. आडवं पडलं तर केस ओढतो, जास्त उभं झालं तर कातडी कापतो. बोटं तीन पात्याच्या मानेवर, करंगळी शेपटीवर, आणि मनगट सैल. चाचांनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "हे तर खुशखतीसारखं आहे." ते म्हणाले, "असेल. मला लिहिता येत नाही."

मग स्वतःचा गाल. इथे दुसरा हात कामाला लागतो, आणि नवशिक्याला हेच कोणी सांगत नाही. वस्तरा धरलेल्या हाताइतकंच काम रिकाम्या हाताचं असतं. त्याने कातडी ताणून धरायची, कानाजवळ वर, जबड्याजवळ खाली. ताणलेल्या कातडीवर पातं सरकतं, सैल कातडीत रुततं. त्याआधी गरम पाण्याचा रुमाल दोन-तीन मिनिटं, कारण केस पाणी प्यायला की मऊ होतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असतो. फेस लावून दुसरा गाल गाठेपर्यंत पहिल्या गालावरचा वाळून जायचा, म्हणून एका वेळी एकच बाजू. केस ज्या दिशेने वाढतो त्या दिशेनेच पातं न्यायचं. गालावर ती खाली जाते. गळ्यावर ती कुठेही जाते, माझ्या तर डाव्या बाजूला भोवरा आहे. म्हणून आधी बोटाने चाचपून दिशा पाहायची. आणि पातं कधीही आडवं सरकवायचं नाही. सुरीने भाजी कापतो तसं एकदा सरकलं की संपलं.

मी सरकवलं. एकदा नाही, पहिल्या आठवड्यात तीनदा. तुरटी लावली की डोळ्यांत पाणी यायचं. आम्ही हनफी, आमच्याकडे रक्त वाहिलं की वुजू जातो. रमजान सुरू झाला होता, घरातच जमात व्हायची. असरच्या आधी मी आरशासमोर उभा राहायचो आणि नमाजला उशिरा पोचायचो, कारण पुन्हा वुजू. अम्मी म्हणायची, "पहले नमाज पढ़ ले, फिर गला काट."

तिसऱ्यांदा कापलं तेव्हा मी वस्तरा धुऊन ठेवला आणि गल्लीत येऊन चाचांना म्हटलं, "हे आपल्याच्याने व्हायचं नाही." चाचा ओट्यावर बसले होते. मास्कच्या वर त्यांचे डोळे हसले. म्हणाले, "अभ्यास नाही केला तर कसं येईल मास्तर? आमच्या नातवाला तुम्ही सांगितलं होतं ना, अभ्यास केला नाहीस तर हजामती करत बसशील. पण हजामतीलाही अभ्यास लागतो."

ते रागाने म्हणाले नाहीत. रागाने म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

ती गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची होती. आठवीचा वर्ग, मराठीचा तास. मुलगा तीन दिवस निबंध लिहून आणत नव्हता. मी ते वाक्य बोललो, वर्ग हसला, मुलगा खाली बघत राहिला. मी हे इतरांना सांगताना एक सोय करून घेऊ शकतो, की तो कोणाचा नातू हे मला ठाऊक नव्हतं. पण मला ठाऊक होतं. ते वाक्य मला त्यामुळेच सुचलं. मुलगा दहावीनंतर शाळेत राहिला नाही. आमच्या भागातली बरीच पोरं जातात तसा गाडीत बसून सुरतेला गेला आणि तिथे एका सलूनमध्ये लागला.

आपण 'हज्जाम' हा शब्द शिवीसारखा वापरतो, उर्दूतही आणि मराठीतही. पैशाने कोणी फसवलं की 'हजामत झाली', नीट झापलं की 'बिनपाण्याने केली'. मी भाषेचा शिक्षक, मला हा शब्द कुठून आला ते माहीत आहे. अरबीत हज्जाम म्हणजे हिजामा करणारा, शिंगी लावून रक्त काढणारा. तो वैद्यकाचा माणूस होता. हदीसमध्ये अबू तैबा नावाच्या गुलामाचा उल्लेख आहे. त्याने पैगंबरांना (स.) हिजामा केला, तेव्हा त्यांनी त्याला एक साअ खजूर मजुरी देवविली आणि त्याच्यावरचा बोजा हलका करायला त्याच्या मालकांना सांगितलं. हज्जाम बिरादरी स्वतःला सलमानी म्हणवते, आणि आपलं नातं हजरत सलमान फारसींशी जोडते. हजमध्ये डोकं मुंडणाऱ्यांसाठी तीनदा दुआ आहे, केस नुसते कापणाऱ्यांसाठी एकदा. आपल्या बाळाचं अकीक्याचं जावळ त्यांच्याच हाताने निघतं आणि त्या केसांच्या वजनाची चांदी आपण खैरात करतो. आणि तरी घरात मुलीसाठी स्थळ आलं, आणि 'सलमानी आहेत' असं कोणी हळू आवाजात सांगितलं, की चहाचे कप लवकर उचलले जातात. मस्जिदीच्या सफेत खांद्याला खांदा लागतो, निकाहनाम्यापर्यंत तो पोचत नाही. महाराष्ट्रात जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारसारखा माणूस तिच्या मंचावर आला, तेव्हा आपल्यातलेच अनेक जण म्हणत होते की इस्लाममध्ये जातच नाही तर हे कशाला. इस्लाममध्ये नाही हे खरं. मोहल्ल्यात आहे.

मराठीच्या तासाला मी याच्या दुसऱ्या बाजूही शिकवतो. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण ज्या जिवा महालांवरून आली ते नाभिक समाजातले. वारकऱ्यांचे संत सेना महाराज न्हावी होते, आणि त्यांचं एक पद शीखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे. मला सगळ्यात जास्त आवडते ती १८९० सालची गोष्ट. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे नेते. त्यांच्या पुढाकाराने मुंबईतले न्हावी एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. ज्या बायकांच्या बाजूने उभं राहायला शिकलेली माणसं कचरत होती, त्यांच्यासाठी या लोकांनी आपली मजुरी सोडायची ठरवली. हे मी दरवर्षी शिकवत होतो. त्या मुलालाही मीच शिकवलं असणार.

चाचांना त्या दिवशी मी काहीच बोललो नाही. "उद्या पुन्हा करून पाहतो," एवढंच म्हणालो.

२५ मे २०२० ची ईद. ईदगाह बंद, मस्जिद बंद, घरातच नमाज. फजरनंतर मी अब्बांना खुर्चीत बसवलं, मानेमागे उशी लावली आणि रुमाल गरम केला. स्वतःवर हात बसला होता, तरी दुसऱ्याचा चेहरा वेगळाच असतो. आरशात सगळं उलटं दिसतं त्याची सवय झाली होती, आता सुलट दिसत होतं. लकवा झालेल्या बाजूचा गाल स्वतः ताणला जात नाही, म्हणून मी अंगठ्याने कानाकडे ओढून धरला. आधी गालावरची रेघ केली, मग मिशा कात्रीने. गळा शेवटी. मान मागे टेकवली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. बोटांखाली त्यांची नाडी लागत होती. मी श्वास धरला होता, त्यांचा मात्र संथ चालला होता. त्या क्षणी मला कळलं की गेली कित्येक वर्षं, दर शुक्रवारी, माझ्या बापाने आपला गळा एका माणसाच्या पात्याखाली डोळे मिटून दिला होता. ज्याच्या घरी आपण मुलगी दिली नसती त्याला.

झाल्यावर आरसा दिला. अब्बांनी बराच वेळ पाहिला. मग चांगल्या हाताचं बोट डाव्या गालावर ठेवलं. तिथली रेघ जरा खाली आली होती. "चाचा को बुला," ते म्हणाले. हे वाक्य आम्हा सगळ्यांना स्पष्ट कळलं.

ईदच्या संध्याकाळी मी चाचांच्या ओट्यावर शीरखुर्म्याचा डबा घेऊन गेलो आणि पाकीट ठेवलं. इतकी वर्षं अब्बा त्यांना खिशात हाताला येईल ते द्यायचे, कधी वीस, कधी पन्नास. त्यांची मजुरी किती हे आमच्या घरात कोणी विचारलेलं नव्हतं. मी विचारलं. "दुकानात खताचे तीस, घरी येण्याचे पन्नास." मी हुकलेल्या शुक्रवारांचे आणि वस्तऱ्याच्या धारेचे पैसे मोजून आणले होते. मला वाटलं ते नको म्हणतील आणि मी आग्रह करीन. त्यांनी पाकीट घेतलं, नोटा मोजल्या आणि खिशात टाकल्या. दुकान दोन महिने बंद होतं. जूनच्या शेवटी सलून उघडायला परवानगी मिळाली तीही फक्त केस कापायला, दाढीला हात लावायची मुभा नव्हती. ज्याचं निम्मं काम दाढीचं, त्याने काय खायचं, हे त्या आदेशात नव्हतं. पुढे दाढीलाही परवानगी मिळाली, आणि चाचा पुन्हा शुक्रवारी नऊला यायला लागले. मी रुमाल गरम करून द्यायचो आणि बाजूला बसून हात बघायचो.

अब्बा दोन वर्षांनी गेले, रविवारी. मय्यतीला गुसल देताना तिचे केस-नखं कापत नाहीत, दाढीत कंगवाही फिरवत नाहीत. माणूस आहे तसाच जातो. चाचांनी शुक्रवारी खत बनवलं होतं. गुसलला ते आले, पाणी ओतायला उभे राहिले, आणि रेघ दोन्हीकडून सारखी होती.

सुरतेचा नातू लॉकडाऊनमध्ये परत आला तो आला. आता दुकान तोच चालवतो, चाचांचा हात थरथरतो. दोन वर्षं मी त्या दुकानासमोरून जाताना सलाम करून पुढे सरकत होतो. अब्बांच्या चाळिसाव्यानंतर एका सकाळी आत गेलो. मिरचीचा हंगाम होता, बाहेरच्या वाऱ्यात तिखट होतं. खुर्चीत बसलो. त्याने गळ्याभोवती कापड बांधलं, ब्लेड मोडून अर्धं बसवलं. मी आरशात त्याच्याकडे बघून म्हटलं, "आठवीत मी तुला एक वाक्य बोललो होतो. ते चुकीचं होतं. तेव्हाही मला कळत होतं."

तो ब्रशने फेस करत होता. "मला काही आठवत नाही सर," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "निबंध 'माझे आजोबा' होता. म्हणून लिहिला नव्हता."

मला पुढे काही बोलता आलं नाही. त्याने माझ्या हनुवटीला दोन बोटं लावली आणि म्हणाला, "मान वर करा सर."

मी मान वर केली आणि डोळे मिटले.